वर्डमधलं ऑटोकरेक्ट कायमचं बंद कसं करायचं?

ऑटोकरेक्ट म्हणजे टाइप केलेलं आपोआप बदलणारी सोय. तुमची तक्रार अशी : कंसात इंग्रजी सी टाकला की © होतो, तीन हायफन देऊन एंटर मारलं की पानभर रेघ येते आणि ती खोडताही येत नाही, म्हणून हे सगळंच बंद करायचंय. या प्रश्नाला जिथे तिथे एकच उत्तर मिळतं : सगळे टिकमार्क काढा आणि मोकळे व्हा. मला ते उत्तर कधीच पटलेलं नाही. त्यावरून माझे बरोबरच्यांशी वाद झालेत, आणि अजूनही माझंच म्हणणं बरोबर आहे असं मला वाटतं.

कारण तुमच्या दोन तक्रारींचे गुन्हेगार वेगळे आहेत. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स असं गेलात की जी खिडकी उघडते तिच्यात बरेच टॅब असतात. (मॅकवर हीच खिडकी टूल्स मेनूतून उघडते.) © करणारी बदलयादी 'ऑटोकरेक्ट' टॅबमध्ये आहे. रेघ मारणारा 'ऑटोफॉरमॅट अॅज यू टाइप' टॅबमध्ये बसलाय. लोक पहिल्या टॅबमधले टिकमार्क काढतात, रेघ तरीही येते, मग वर्डला शिव्या.

© चं प्रकरण करारांच्या मसुद्यात सगळ्यात जास्त नडतं. कलमाची पोटकलमं कंसात ए, बी, सी अशी हातानं टाइप होतात. साधे शब्द बदलायला वर्ड स्पेसची किंवा विरामचिन्हाची वाट बघतं, पण कंसातला सी मात्र कंस पूर्ण होताक्षणी उडतो. टाइप करणाऱ्याची नजर हस्तलिखितावर असते, त्याला पत्ताही लागत नाही. कंसातला ई असाच € होतो आणि कंसातला आर ® होतो, म्हणजे यादी लांबली तर तीन बळी नक्की. पुढे दहाव्या पानावर 'कलम 4 च्या पोटकलम सीप्रमाणे' असा उल्लेख येतो, तिथेही ©. मग कोणीतरी शोधखिडकीत कंसातला सी शोधतो आणि वर्ड म्हणतं, सापडलं नाही. साहजिक आहे : कागदावर तीन चिन्हं दिसायला हवी होती, फाइलमध्ये एकच वेगळं चिन्ह आहे. 'पोटकलम गाळलं' असा आरोप होईपर्यंत गोष्ट जाते.

यावर उपाय असा. ऑटोकरेक्ट टॅबमधल्या 'रिप्लेस' चौकटीत कंसातला सी टाइप करा, खालच्या यादीत ती नोंद निळी होईल, 'डिलीट' दाबा. ई आणि आरचंही तेच करा, मग ओके. बाकीची यादी तशीच राहू द्या. यानं फक्त पुढचं टाइपिंग सुधारतं. आधीच झालेले © आपोआप पुन्हा कंसातला सी होत नाहीत. ते कंट्रोल एच दाबून, म्हणजे शोधा-बदला खिडकी उघडून, © शोधून बदला, पण 'रिप्लेस ऑल' दाबू नका, नाहीतर शेवटच्या पानावरची खरी कॉपीराइटची खूणही जाईल. एकेक बघत जा. आणि खरं सांगायचं तर कलमं हातानं टाइप करणं हाच मूळ रोग आहे. मल्टिलेव्हल लिस्ट (कलम-पोटकलमांना आपोआप क्रमांक देणारी सोय) लावा, उल्लेख 'क्रॉस-रेफरन्स'मधून (त्या क्रमांकाशी जोडलेला उल्लेख टाकणारी सोय) टाका, मग कंस टाइप करायची वेळच येत नाही. वर एखादं पोटकलम वाढलं तर सगळं निवडून एफ 9 दाबायचं, उल्लेखांचे आकडे सुधारतात.

आता रेघ. ती खोडता येत नाही कारण ती अक्षर नाहीच. वर्ड तुमचे हायफन काढून टाकतं आणि वरच्या परिच्छेदाला खालची बॉर्डर लावतं. त्यामुळे कर्सर रेघेच्या वरच्या परिच्छेदात ठेवा, होम टॅबवर बॉर्डर्सचा बाण उघडा, 'नो बॉर्डर' निवडा. पुन्हा येऊ नये म्हणून 'ऑटोफॉरमॅट अॅज यू टाइप'मधला 'बॉर्डर लाइन्स'चा टिकमार्क काढा. हा एक मात्र मीही डोळे झाकून काढतो.

त्याच टॅबमध्ये सरळ अवतरणचिन्हं वळवणारा पर्याय आहे. गद्य लिहिणाऱ्याला तो हवाच. वर्डमध्ये कोड किंवा कमांड लिहून दुसरीकडे चिकटवणाऱ्याला तो घातक, कारण वळलेलं चिन्ह कोडला कळत नाही. वळलेली चिन्हं सरळ करायची असतील तर आधी पर्याय बंद करा आणि मगच शोधा-बदला चालवा. पर्याय चालू असेल तर सरळ चिन्ह टाकूनही बदललेलं चिन्ह पुन्हा वळलेलंच येतं.

एखाद-दुसऱ्या वेळेसाठी सेटिंगला हात लावायची गरज नाही. बदल झाल्या झाल्या कंट्रोल झेड दाबा, फक्त बदल उलटतो, टाइप केलेलं राहतं. किंवा बदललेल्या शब्दावर माउस न्या, पहिल्या अक्षराखाली छोटी निळी पट्टी दिसते, तिच्यातून तो शब्द यापुढे बदलू नको असं सांगता येतं.

'मी नोंद काढली तरी शब्द बदलतोच' असं म्हणणाऱ्यांनी खिडकीचा मथळा वाचावा. तिथे भाषेचं नाव असतं. शब्दांच्या नोंदी भाषेनुसार वेगळ्या राहतात. अमेरिकन इंग्रजीतून काढलेली नोंद ब्रिटिश इंग्रजी लावलेल्या मजकुरात जिवंतच असते. कर्सर त्या मजकुरात ठेवून मग खिडकी उघडा. तरीही बदलत असेल तर तळाशी स्पेलचेकरच्या सूचना आपोआप वापरणारा टिकमार्क असतो, तो काढा. सगळ्यात बेभरवशाचा तोच, कारण त्याचे बदल यादीत दिसतच नाहीत.

वर्डसारख्याच लिब्रेऑफिस या मोफत प्रोग्रॅममध्ये टूल्स मेनूतच ऑटोकरेक्ट आहे आणि भाषा खिडकीच्या वरच निवडता येते. शब्द आपोआप पुरा करणारा त्रास तिथे 'वर्ड कम्प्लीशन' या वेगळ्या टॅबमध्ये आहे. गूगल डॉक्समध्ये टूल्स, प्रेफरन्सेस, सबस्टिट्यूशन्स.

सगळं बंद करणारे एक विसरतात : हीच यादी आपल्या कामाला जुंपता येते. रोज लिहावं लागणारं संस्थेचं लांबलचक नाव तीन अक्षरांच्या खुणेवर ठेवा. खूण 31 अक्षरांपर्यंत चालते, साधा मजकूर 255 पर्यंत. फक्त खूण खरा शब्द नको, नाहीतर तोच शब्द वाक्यात आला की संस्था उगवेल. ज्यांनी माझ्याशी वाद घातला ते अजून ते नाव पूर्ण टाइप करतात, आणि दर चौथ्या पत्रात त्यातलं एक अक्षर चुकलेलं असतं.

तरीही तुम्हाला यादीतले सगळेच बदल बंद करायचे असतील तर 'रिप्लेस टेक्स्ट अॅज यू टाइप'चा टिकमार्क काढा, यादी शाबूत राहते, फक्त झोपते. मात्र यादी ऑफिसच्या बाकीच्या प्रोग्रॅमांशी सामायिक आहे, त्यामुळे इथे डिलीट केलेली नोंद एक्सेल आणि पॉवरपॉइंटमध्येही गेलेली असेल. आणि मोबाइलवर शब्द बदलत असतील तर ते बहुतेक कीबोर्डचं काम असतं, त्याची सेटिंग फोनमध्ये शोधा.