‘मला प्रार्थना नको गं, पण भीती वाटते’

काकू, सप्रेम नमस्कार.

माझे बाबा ७८ वर्षांचे आहेत. आईबाबा गेली सहा वर्षं इथे परदेशात आमच्याकडेच असतात. बाबांचा फुप्फुसाचा कॅन्सर आता हाडांत पसरलाय. डॉक्टर ‘काही महिने’ म्हणाले. बाबा जन्मभर शिक्षक होते आणि जन्मभर नास्तिक. आई तितकीच श्रद्धाळू. पन्नास वर्षं दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतलं. आता मात्र आईला वाटतं, निदान शेवटी तरी ह्यांनी देवाचं नाव घ्यावं. ती रोज उशाशी बसून विनवते आणि बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. परवा रात्री मी पाणी द्यायला गेले, तर हात धरून म्हणाले, ‘मला प्रार्थना नको गं, पण भीती वाटते.’ मला एक शब्द सुचला नाही. मी स्वतः धड आस्तिक नाही, धड नास्तिक नाही. शिकले, इथे आले, नोकरी, घर, मुलगी, सगळं झालं. आणि आता बाबांकडे बघताना मनात येतं, हे सगळं कशासाठी चाललंय? मलाच ठाऊक नाही, मग त्यांना काय सांगू? मुलगी अकरा वर्षांची आहे. ती विचारते, आजोबा कुठे जाणार?

*

तुझं पत्र वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. तुझे बाबा तुझ्याशी खरं बोलले, हे आधी लक्षात घे. असं बोलायला माणसाला फार बळ लागतं आणि समोरच्यावर फार विश्वास असावा लागतो. तुला उत्तर सुचलं नाही म्हणून काही बिघडलेलं नाही. तू हात सोडला नाहीस ना, मग झालं.

गेली बारा वर्षं मी आठवड्यातून दोन दुपारी एका हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणाऱ्या जागी, जाते. माझं काम फक्त रुग्णांजवळ बसण्याचं. तिथे कळलं की मरणाची भीती म्हणून जिला आपण एकच नाव देतो, तिच्या पोटात चार-पाच वेगवेगळ्या भीती असतात. कुणाला दुखण्याची धास्ती असते, कुणाला श्वास कोंडण्याची. कुणाला आपल्यामागे बायकोचं काय होणार ह्याची, कुणाला लेकीच्या घरात आपण ओझं झालो ह्याची. आणि कुणाला खरोखरच ‘मी नसेन’ ह्या विचाराचीच. म्हणून बाबांना एवढंच विचार: ‘बाबा, कशाची वाटते?’ आणि मग गप्प राहा. दोन मिनिटं शांततेत गेली तरी मध्ये बोलू नकोस.

त्यांनी दुखण्याचं किंवा श्वासाचं नाव घेतलं, तर तत्त्वज्ञान बाजूला ठेव आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या, नर्सला फोन कर. दम लागणं हे फुप्फुसाच्या कॅन्सरमधलं सगळ्यांत घाबरवणारं लक्षण असतं, आणि मॉर्फिनच्या छोट्या मात्रेने ते काहींना हलकं होऊ शकतं. मॉर्फिनचं नाव काढलं की आपल्या घरांतून दोन शंका हमखास येतात: सवय लागेल का, आणि मरण लवकर येईल का. डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य मात्रेत दिलं तर ह्या दोन्हींची काळजी करू नकोस. छोटा हातपंखा चेहऱ्यासमोर धरला तरी दम लागल्याची जाणीव कमी होते, तो उशाशी ठेव. रात्री तीन वाजता दम लागला तर काय करायचं, कुठलं औषध किती द्यायचं, कुणाला फोन करायचा, हे कागदावर लिहून बाबांना दाखव. भीतीचा बराच भाग ‘तेव्हा कुणी काही करू शकणार नाही’ ह्या कल्पनेत असतो.

ही सारी व्यवस्था ज्यांच्यामुळे उभी राहिली त्या डॉ. सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका, आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. मरणाऱ्या माणसाचं दुखणं चार पदरी असतं, असं त्या सांगत: शरीराचं, मनाचं, नात्यागोत्यांचं आणि आत्मिक. त्या स्वतः निष्ठावान ख्रिस्ती होत्या, पण त्यांच्या हॉस्पिसची दारं कुठल्याही श्रद्धेच्या आणि कुठलीच श्रद्धा नसलेल्या माणसांना सारखीच उघडी होती. ‘आत्मिक’ शब्दाला बाबा कदाचित नाक मुरडतील. त्यांना सांग, आपण कोण होतो आणि आपल्या असण्याने काय फरक पडला, हा प्रश्न नास्तिकालाही तितकाच छळतो.

आता आई. तुझ्या पत्रात तिच्याविषयी थोडी चीड आहे, आणि मला ती समजते. पण तीही घाबरली आहे. पन्नास वर्षांच्या सोबत्याला रिकाम्या हाताने जाऊ कसं देऊ, हे तिचं दुःख आहे, आणि तिच्याजवळ देण्यासारखं जे सर्वांत मोठं आहे तेच ती पुढे करते आहे. तिला बाजूला घेऊन बस. तिने प्रार्थना थांबवू नये. फक्त ती बाबांच्या नावाने, स्वतःसाठी करावी, स्वतःच्या जागी बसून. बाबांकडून काही वदवून घ्यायचा प्रयत्न मात्र आजच थांबायला हवा, आणि हे तिला तूच सांगायचं आहेस. ज्या माणसाने आयुष्यभर एका विचाराशी इमान राखलं, त्याला शेवटच्या महिन्यांत त्यापासून हलवायला बघणं म्हणजे त्याचं सगळं आयुष्य चूक होतं असं त्याला सांगणं. माझं ह्याबाबतीतलं मत पक्कं आहे. उलट बाजूनेही ते तितकंच पक्कं आहे: आई आजारी असती आणि बाबा तिला देव नसल्याचं पटवत बसले असते, तरी मी हेच लिहिलं असतं.

आपल्याकडे ह्याचं एक जुनं उदाहरण आहे. गोपाळ गणेश आगरकर अज्ञेयवादी. कर्मठांनी त्यांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली, इतका त्यांच्या विचारांचा राग. त्यांच्या पत्नी यशोदाबाई मात्र धार्मिक वृत्तीच्या होत्या, आणि आगरकरांनी त्यांच्या श्रद्धेला कधी आडकाठी केली नाही. १८९५ मध्ये, वयाच्या अवघ्या ३८व्या वर्षी ते गेले. एका छपराखाली दोन श्रद्धा नांदू शकतात हे तुझ्या आईबाबांनीही पन्नास वर्षं दाखवलंय. त्यांना त्याची फक्त आठवण करून द्यायची आहे.

श्रद्धा असली की मरण सोपं होतं, असं मला पूर्वी वाटायचं. तसं नसतं. अतिशय धार्मिक माणसं शेवटी कासावीस झालेली मी पाहिली आहेत. ‘देवाने मलाच का?’ किंवा ‘माझ्या हातून काय पाप घडलं?’ हे प्रश्न त्यांना पोखरतात. फरक दुसरीकडेच असतो. श्रद्धाळू माणसाला शब्द तयार मिळतात. काय म्हणायचं, कुणी जवळ बसायचं, कुठल्या वेळी काय करायचं, हे आधीच्या पिढ्यांनी ठरवून ठेवलेलं असतं. नास्तिकाला हे सगळं स्वतः जमवावं लागतं, आणि आजारपणात नेमकी तीच ताकद नसते. तिथे घरच्यांनी हात लावायचा. रुग्णालयात चॅप्लेन, म्हणजे रुग्णांना मानसिक-आत्मिक आधार देणारे धर्मगुरू, असतील तर त्यांच्याशीही बोल. त्यांच्याकडे जायला धर्म लागत नाही. ब्रिटनमध्ये निधर्मी लोकांसाठी तसेच समुपदेशक काही रुग्णालयांत आहेत, आणि नेदरलँड्समध्ये मानवतावादी समुपदेशक रुग्णालयांत, तुरुंगांत, सैन्यातही काम करतात. देव न मानणाऱ्या माणसाजवळ बसून त्याच्याच भाषेत बोलणं, हे त्यांचं शिक्षण.

बाबा शिक्षक आहेत, म्हणून त्यांना आवडेल असा एक माणूस सांगते. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस. मेल्यानंतर काही उरत नाही आणि देव माणसांच्या कारभारात लक्ष घालत नाहीत, असं तो शिकवायचा. आपण असतो तेव्हा मरण नसतं आणि मरण येतं तेव्हा आपण नसतो, मग भ्यायचं कशाला, हा त्याचा युक्तिवाद. दिवसाउजेडी तो पटतो. मध्यरात्री तो पुरत नाही, निदान मी पाहिलेल्यांपैकी कुणालाही पुरला नाही. पण एपिक्युरस स्वतः कसा गेला ते जास्त मोलाचं आहे. इसवी सनापूर्वी २७० मध्ये तो लघवीच्या असह्य विकाराने मरत होता. शेवटच्या दिवशी त्याने मित्राला पत्र लिहिलं: वेदना टोकाच्या आहेत, पण आपल्या पूर्वीच्या गप्पांच्या आठवणींचा आनंद मी त्यांच्यासमोर उभा केला आहे. आणि त्याच पत्रात एक विनंती केली, आधीच वारलेल्या एका मित्राच्या मुलांची काळजी घे म्हणून. युक्तिवादाचा हा एवढा मोठा शिल्पकार, आणि शेवटी त्याने हात घातला तो गप्पांना आणि मुलांना.

कॅनडातले मानसोपचारतज्ज्ञ हार्वी चोचिनॉव्ह ह्यांनी ह्याच धाग्यावर मरणासन्न रुग्णांसाठी एक साधी पद्धत तयार केली. रुग्णाला काही प्रश्न विचारायचे, उत्तरं रेकॉर्ड करायची, लिहून काढायची, त्याला वाचून दाखवायची, आणि तो हवं ते दुरुस्त करून ज्यांना द्यायचं त्यांना देणार. २००५ साली त्यांनी १०० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांतल्या ६८ टक्के लोकांनी सांगितलं की आपल्या जगण्याला हेतू असल्याची जाणीव वाढली. पुढे २०११च्या मोठ्या अभ्यासात ह्या पद्धतीने नैराश्य किंवा त्रास मोजण्याइतका कमी झालेला दिसला नाही, हेही तुला सांगायला हवं. रुग्णांनी मात्र तेव्हाही म्हटलं की ह्याचा उपयोग झाला आणि घरच्यांनाही होईल. मी हे औषध म्हणून सुचवत नाही. पण भीती वाटणाऱ्या शिक्षकाला शिकवायला एक तास मिळणं, ह्याहून चांगलं मला काही सुचत नाही.

विचारायचं काय? सगळ्यांत जिवंत कधी वाटलं होतं? कुठल्या कामाचा अभिमान आहे? वर्गातला कुठला मुलगा अजून आठवतो? आईबद्दल असं काय आहे जे तिला कधी सांगितलं नाही? मला, नातीला काय माहीत असावं असं वाटतं? क्षमा मागायची किंवा करायची राहिली आहे का? शेवटचा प्रश्न पहिल्या दिवशी काढू नकोस. आणि नातीला बरोबर घे, तिचे प्रश्न तुझ्यापेक्षा चांगले असतील.

तिला काय सांगायचं? ‘मरणार आहेत’ हाच शब्द वापर. ‘झोपणार’, ‘दूर जाणार’ असं नको. अकरा वर्षांच्या मुलीला मरण म्हणजे परत न येणं हे पुरतं कळतं, आणि मोठे शब्द फिरवायला लागले की ती फक्त एवढंच शिकते की ह्या विषयावर घरात खरं मिळत नाही. कुठे जाणार, ह्यावर सांग: ‘आजीला वाटतं ते देवाजवळ जातील. आजोबांना वाटतं ते कुठेच जाणार नाहीत, इथेच संपतील. मला नक्की माहीत नाही. तू दोघांनाही विचार.’ मुलांना ‘माहीत नाही’ हे उत्तर चालतं, फक्त ते घाबरून दिलेलं नसावं.

देहदानाचं बाबांच्या मनात असेल तर ते आत्ताच करावं लागेल. नास्तिक वडिलांच्या घरांतून हा प्रश्न मला फार उशिरा येतो. ब्रिटनमध्ये तर अशी संमती खुद्द त्या माणसानेच साक्षीदारासमोर लेखी द्यावी लागते. मागाहून मुलांनी दिलेली चालत नाही. तुमच्या देशातला नियम तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाला विचारा. संमती असूनही महाविद्यालय ऐनवेळी नकार देऊ शकतं, तेव्हा दुसरी इच्छाही लिहून ठेवायला सांग. बोलता येईनासं झालं तर उपचारांचे निर्णय कुणी घ्यायचे, त्याचाही कायदेशीर कागद ह्याच आठवड्यात करा. भारतात केलेला कागद तुमच्या तिथे चालेल असं गृहीत धरू नका.

राहिला तुझा स्वतःचा प्रश्न, हे सगळं कशासाठी. त्याचं उत्तर मी देऊ शकत नाही आणि जो लगेच देतो त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही. पण मला दिसलेलं सांगते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात डॉ. विल्यम ब्राइटबार्ट ह्यांनी बळावलेल्या कॅन्सरच्या रुग्णांबरोबर नेमक्या ह्याच प्रश्नावर काम केलं. अर्थ सापडण्याच्या ज्या जागा ते दाखवतात त्या ओळखीच्याच आहेत: आपल्याला मागून मिळालेलं आणि आपण पुढे देणार ते, हातून घडलेलं काम, ज्यांच्यावर जीव लावला ती माणसं आणि त्या गोष्टी, आणि जे बदलता आलं नाही त्याला आपण कसं सामोरं गेलो. ह्यात देव असू शकतो, नसूही शकतो. तू नोकरी, घर, मुलगी अशी यादी दिलीस. पण रात्री उठून पाणी द्यायला गेलीस, ते यादीत लिहिलं नाहीस. त्या रात्री ‘कशासाठी’ हा प्रश्न तुला पडला होता का? बहुधा नसेल. त्या वेळी तू कुणासाठी तरी होतीस. पुढचे काही महिने तसे खूप क्षण येतील, आणि ते संपल्यावर हा प्रश्न पुन्हा उभा राहील. तेव्हा मला परत लिही.

माझे वडील गेले तेव्हा मी दुसऱ्या खंडात होते. आठवड्याला एक फोन, त्यात तब्येत आणि हवामान. शेवटच्या वर्षी मी ठरवून त्यांना प्रश्न विचारायला लागले. ते एरवी अबोल, पण लहानपणीच्या नदीबद्दल, एका हरवलेल्या भावाबद्दल भरभरून बोलले. एका रविवारी आम्ही चाळीस मिनिटं बोललो आणि नंतर पाहते तर फोनमधली जागा संपून शेवटची बारा मिनिटं रेकॉर्डच झाली नव्हती. त्या बारा मिनिटांत ते आईबद्दल बोलत होते. तेव्हा आधी फोन रिकामा कर, चार्जर लाव, आणि बाबांचा आवाज सकाळी चांगला असेल तर सकाळीच बस.