कॉम्प्युटर म्हणतो अजून २०१५ चालू आहे

प्रश्न : दादा, गुहागरजवळ आमचं घरगुती होमस्टे आहे. जूनमध्ये पर्यटक संपले की आम्ही कॉम्प्युटरचा प्लग काढून वर प्लास्टिक घालून ठेवतो, विजा फार असतात ना. गणपतीनंतर चालू केला तर विंडोजचं अपडेट होईना, झिरो एक्स ८००७२एफ८एफ असा एरर येतो. बिलाचं सॉफ्टवेअर नेटवरून इन्स्टॉल होत नाही आणि ब्राउझर तर प्रत्येक साइटला कनेक्शन सुरक्षित नाही म्हणतो. दुरुस्तीवाला म्हणाला व्हायरस आहे, फॉरमॅट मारूया. मुलीच्या बारशाचे फोटो त्यातच आहेत हो. काय करू?

उत्तर : ताई, फॉरमॅट अजिबात नको. आधी स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली तारीख बघा. पैजेवर सांगतो, कुठलं तरी जुनंच साल दिसेल, २०१५ नाहीतर २०१८, म्हणजे तुमचा मदरबोर्ड (कॉम्प्युटरच्या आतली मुख्य सर्किटची पाटी) बनला त्याच्या आसपासचं.

होतं काय की मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक चपटा सेल असतो, कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. पण प्लग लावलेला आणि भिंतीवरच्या स्विचबोर्डाचं बटण चालू असेल तर ते घड्याळ भिंतीतल्या करंटवरच चालतं, सेलला फारसं काम नसतं. तुम्ही जूनपासून प्लग काढून ठेवलात, म्हणजे तीन-साडेतीन महिने सगळा भार त्या बिचाऱ्या सेलवर, आणि तो आधीच पाच-सहा वर्षांचा म्हातारा. किनारपट्टीवर दर सप्टेंबरात मला अशा तक्रारी येतात आणि त्यातल्या निम्म्या-अर्ध्या या सेलच्याच निघतात.

आता तारखेचा आणि अपडेटचा संबंध काय, तर अपडेट देणारा सर्व्हर असो की बँकेची साइट, प्रत्येकाकडे ओळखपत्र असतं, सर्टिफिकेट म्हणतात त्याला, आणि त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. तुमचा कॉम्प्युटर समजतोय आज २०१५ आहे, मग यंदाचं ओळखपत्र त्याला खोटं वाटतं आणि तो दारच उघडत नाही. तो एरर हेच सांगतोय. बिलाचं सॉफ्टवेअर आणि ब्राउझर त्याच कारणाने अडलेत.

तर तारीख, साल, वेळ हाताने बरोबर करा, टाइम झोनच्या यादीत चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली अशी जी ओळ आहे ती निवडा (मुंबईची वेगळी ओळ शोधत बसू नका, नाहीये), मग वेळेच्या सेटिंगमध्ये सिंक नाऊ दाबा. नेट असूनही घड्याळ आपोआप का जुळलं नाही विचाराल, तर फरक तासांचा नसून वर्षांचा असला की विंडोजचं ते आपोआप जुळवणं बहुतेक वेळा हात वर करतं. एवढ्यानेच अपडेट सुरू होईल बघा.

पण सेल बदलला नाहीत तर पुढच्या वेळी लाईट गेली की पुन्हा २०१५. दुकानात सीआर २०३२ मागा, तीन व्होल्टचा, घड्याळवाल्याकडे पण मिळतो. प्लग काढा, पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलासुरला करंट जाईल, कॅबिनेट उघडा (आत पालीची अंडी दिसली तर दचकू नका, आपल्याकडे हे चालायचंच), सेलच्या कडेची पत्री नखाने सरकवा की तो उडून वर येतो. नवीन बसवताना अधिक चिन्हाची, अक्षरं असलेली बाजू वर. खाचेत खाऱ्या हवेचा हिरवट गंज असेल तर कोरड्या ब्रशने झाडा, फुंकर नका मारू, तोंडातली वाफ जाते. पहिल्यांदा चालू करताना तारीख सेट करा, एफ १ दाबा असं काही येऊ शकतं, घाबरू नका, बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीचा मूळ सेटिंगचा पडदा) जाऊन तारीख घालून सेव्ह करा.

सगळं करून पण अपडेट अर्ध्यावर अडत असेल तर आधी कधीतरी लाईट गेल्यामुळे अर्धवट उतरलेल्या फाइली आत पडून असतील. स्टार्टमध्ये सर्व्हिसेस (मागे गुपचूप चालणाऱ्या कामांची यादी) शोधून उघडा, विंडोज अपडेट नावाची सर्व्हिस स्टॉप करा, सी ड्राइव्ह, विंडोज, सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन, त्यात डाउनलोड, त्याच्या आतलं सगळं डिलीट करा, सर्व्हिस परत चालू, कॉम्प्युटर रिस्टार्ट. फोटोंना धक्का लागत नाही. तरी ते पेन ड्राइव्हवर घ्या आधी, आजच.

आणि प्लग काढायची सवय सोडू नका हं, ती बरोबरच आहे, उलट राउटरकडून येणारी नेटची वायर पण काढत जा, वीज तिकडून पण घुसते.

प्रश्न : देवगडहून लिहितंय. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अपडेट तासन्‌तास थांबून राहतो, आणि कधी चालू झालाच तर झिरो एक्स ८००७००७०. आता काय करूचा?

उत्तर : दोन वेगळ्या भानगडी आहेत. हॉटस्पॉटच्या वायफायवर मीटर्ड कनेक्शन चालू असेल, तुमचा डेटा संपू नये म्हणून विंडोज मग मोठे अपडेट उतरवत नाही. ते तेवढ्यापुरतं बंद करा, पण आधी पॅकमध्ये किती डेटा उरलाय बघून. आणि तो एररचा आकडा म्हणजे सी ड्राइव्ह भरला. डिस्क क्लीनअप (नको त्या फाइली काढायचं विंडोजमधलंच साधन) चालवा, आणि आंब्याच्या पेट्यांचे व्हिडिओ डेस्कटॉपवर ठेवले असतील तर ते पण सी ड्राइव्हमध्येच मोजले जातात, डी मध्ये हलवा.

प्रश्न : विंडोज ११ इन्स्टॉल करताना हा पीसी चालणार नाही म्हणतो. कॉम्प्युटर तर मस्त पळतोय. (अलिबाग)

उत्तर : विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते, कधी ती असते पण बायोसमध्ये बंद ठेवलेली असते, तेवढं बघा. प्रोसेसर इंटेलचा आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर मात्र, मोजके अपवाद सोडले तर, अधिकृतपणे नाहीच. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, तिच्यात नाव घालता येतं. युट्यूबवर बघून चोरवाटेने ११ टाकू नका, पुढचे अपडेट मिळतीलच याची खात्री नसते.