क्लस्टरवर ब्लेंडर, तेही ‘सुडो’शिवाय

प्रश्न: विद्यापीठाच्या सामायिक लिनक्स क्लस्टरवर ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर टाकायचंय, पण ‘सुडो’ची (ॲडमिनच्या अधिकारांची) परवानगी नाही. काय करू?

उत्तर: आधी ‘मॉड्यूल अव्हेल’ ही क्लस्टरवरच्या सॉफ्टवेअरची यादी दाखवणारी कमांड देऊन तयार ब्लेंडर आहे का बघा. नसेल तर ब्लेंडरची लिनक्ससाठीची टार फाइल (एकत्र बांधलेल्या फाइल्स) होम फोल्डरमध्ये उलगडा. आतला ब्लेंडर थेट चालतो. ‘लिबएक्सआय’सारखी लायब्ररी सापडत नाही म्हणाला, तरच ॲडमिनला गाठा.

लॉगिन नोडवर, म्हणजे सगळे जिथून आत शिरतात त्या मशीनवर, रेंडर लावू नका, शिव्या बसतील. स्लर्म या कामं वाटून देणाऱ्या प्रणालीच्या जॉबमधून चालवा. तिथे स्क्रीन नसते, म्हणून ‘-बी’ (खिडकी न उघडता चालवण्याचा पर्याय) हवंच. खरा घात होतो तो क्रमामुळे. ब्लेंडर पर्याय लिहिलेल्या क्रमानेच पाळतो. ‘-ए’ (ॲनिमेशन रेंडर कर) आधी आणि ‘-ओ’ (कुठे साठवायचं) नंतर लिहिलंत, तर आख्खं ॲनिमेशन फाइलमधल्या जुन्याच जागी जाऊन पडतं.

जॉबमध्ये जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) मागूनही सीपीयूच राबतोय? जीपीयूची निवड तुमच्या लॅपटॉपच्या प्रेफरन्सेसमध्येच राहिली; ती ब्लेंड फाइलबरोबर येत नाही. ओळीच्या अगदी शेवटी ‘-- --सायकल्स-डिव्हाइस ऑप्टिक्स’ जोडा (ऑप्टिक्स एनव्हिडियाच्या जीपीयूसाठी).

आणि थेट एमपी४ काढू नका. वेळ संपून जॉब मारला गेला की अर्धवट व्हिडिओ सहसा उघडतही नाही. पीएनजी फ्रेम्स काढा, उरलेल्या पुढच्या जॉबमध्ये. मग एफएफएमपेग या व्हिडिओच्या टूलने जोडा.