पहाटे तीनची जाग

प्रश्न : मी सेहेचाळीस वर्षांचा असून एका कंपनीच्या हिशेब विभागात काम करतो. गेल्या वर्षी विभागातील दोघे नोकरी सोडून गेले, त्यांच्या जागा भरल्या नाहीत आणि त्यांचे काम माझ्याकडे आले. रात्री साडेअकरापर्यंत वरिष्ठांचे संदेश येत राहतात. झोप लागावी म्हणून दोन पेग घेण्याची सवय लागली आहे, तरीही पहाटे तीनला जाग येते आणि न जुळलेल्या नोंदी डोक्यात फिरू लागतात. मित्र म्हणतात, ध्यान कर. पण डोळे मिटून बसलो की तेवढ्या वेळात किती काम उरकले असते, याचाच विचार सुरू होतो. माझेच काही चुकते आहे का?

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तिघांचे काम एकटा माणूस ओढत असताना तो दोष स्वतःकडे घेतो आहे. ध्यानाचा सल्ला वाईट नाही, परंतु डोळे मिटून बसल्याने तिघांचे काम दोघांचे होत नाही. रॉबर्ट कारासेक या अभ्यासकाने 1979 मध्ये असे मांडले की, कामाची मागणी मोठी आणि ते कसे व कधी करायचे हे ठरवण्याची मुभा मात्र थोडी, अशा ठिकाणी मनावर सर्वाधिक ताण येतो. आपली स्थिती नेमकी हीच आहे. म्हणून ताण सोसण्याची ताकद वाढवण्याआधी थोडी मुभा परत मिळवण्याचा प्रयत्न करावा, असे मी सुचवेन.

त्यासाठी वरिष्ठांकडे जाताना ‘काम फार आहे’ एवढेच सांगू नका; हे वाक्य त्यांनी पुष्कळदा ऐकलेले असते. एका कागदावर आठवड्याची सगळी कामे आणि प्रत्येकाला लागणारे तास लिहून, बेरजेसह तो त्यांच्यापुढे ठेवा (हिशेबनिसाला हे शिकवायला नको) आणि ‘यातले आधी काय करू आणि कोणते थांबवू?’ असे विचारा. रात्रीच्या संदेशांबाबतही त्याच बैठकीत बोला. खरोखर तातडीचे असेल तर फोन करावा आणि बाकीच्याला सकाळी उत्तर मिळेल, एवढे ठरले तरी संध्याकाळ बरीचशी मोकळी होईल.

आता पेगविषयी. मद्याने डोळा लवकर लागतो हे खरे. परंतु शरीर ते पचवू लागले की रात्रीच्या उत्तरार्धात झोप हलकी होते आणि मोडते. आपली तीनची जाग बऱ्याच अंशी तिथून येत असावी, आणि जाग आल्यावर मनाला हाताशी असलेला विषय म्हणजे त्या नोंदी. मात्रा दोनवरच थांबली असेल तर ती सोडून दोन-तीन आठवडे झोपेत काय फरक पडतो ते पाहा. सुरुवातीच्या काही रात्री झोप लागायला वेळ लागेल. मात्रा वाढली असेल, किंवा एखाद्या दिवशी न घेतल्यास हात थरथरत असतील, तर मात्र स्वतःहून एकदम बंद न करता डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावे, कारण अचानक थांबवणे धोक्याचे ठरू शकते. दुपारनंतरची कॉफीही टाळा; तिच्यातील कॅफिनपैकी साधारण निम्मे पाच तासांनंतरही शरीरात उरलेले असते.

पेगच्या जागी एक कोरडा वाटणारा उपाय सुचवतो. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात, झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या दिवसांची कामे लिहून काढणाऱ्यांना, झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी, तितकी ती लवकर लागली. तेव्हा ‘हिशेब पूर्ण करणे’ असे न लिहिता ‘तीन बिले जुळत नाहीत, दहा वाजता खरेदी विभागाला फोन’ असे लिहा. वही बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवा. फोनही तिथेच राहू द्या. व्यायामाबद्दल आपण ऐकलेले असेलच. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते आणि भरभर चालणे त्यात धरले जाते.

याच संघटनेने 2019 मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या करताना त्याला आजार न म्हणता कामाशी निगडित स्थिती म्हटले आणि तिची तीन लक्षणे सांगितली : शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा येणे आणि हातून काम नीट होत नाही असे वाटणे. आपल्या पत्रात पहिले स्पष्ट दिसते. दुसरे मला दिसले नाही, नोंदी जुळाव्यात असे आपल्याला अजून मनापासून वाटते. मात्र उदासपणा दोन आठवड्यांहून अधिक टिकला आणि कशातच रस वाटेनासा झाला, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणे नकोसे वाटू लागले तर एक दिवसही थांबू नका.

वरिष्ठांनी तो कागद पाहूनही ‘सगळेच आधी हवे’ असे सांगितले, तर नोकरी बदलण्याचा विचार जरूर करा. फक्त तो काही आठवडे नीट झोप झाल्यावर, दिवसाउजेडी करा. ध्यानाचे तोवर राहू द्या.