शिडाची छोटी होडी आणि किनाऱ्यावरचा मुक्काम : वाचकांचे प्रश्न

या वेळचे बहुतेक प्रश्न चौदा ते सोळा फुटी, फायबरच्या, सेंटरबोर्ड (तळातून पाण्यात उतरवायचे, वर घेता येणारे पाते) असलेल्या होड्यांबद्दल आहेत. आकडे देताना 'वेफेरर'च्या धाटणीची होडी धरली आहे. इयान प्रॉक्टर यांनी 1957 मध्ये आखलेली ही होडी 4.82 मीटर लांब आणि 1.85 मीटर रुंद असते. नुसत्या सांगाड्याचे वजन सुमारे 169 किलो. बोर्ड वर घेतला की 20 सेंटीमीटर पाण्यातही चालते, म्हणून खाडीत आणि पुळणीवर मुक्काम करणाऱ्यांना ती सोयीची पडते.

प्रश्न : क्लबने काढून टाकलेली जुनी फायबर डिंगी (छोटी उघडी होडी) घेतो आहे. काय तपासू? (पनवेल)

रंगावर जाऊ नका, होडीचे हवाबंद कप्पे तपासा. झाकणे लावून, पाणी काढण्याच्या भोकात रबरी नळी बसवून तोंडाने फुंका आणि जोडांवर साबणाचे पाणी लावा. बुडबुडे येतील तिथे गळती. कंप्रेसर किंवा पायपंप लावू नका, जास्त दाबाने चांगले जोडही उकलतात. मग नाण्याने सगळा तळ वाजवून पाहा. खणखणीत आवाज आला तर ठीक; बद्द आवाज आला तर थर सुटलेत किंवा आतले प्लायवूड कुजले आहे. पिछाडीची फळी (सुकाणूचे बिजागर तिथेच असते), डोलकाठीचा पाया आणि सेंटरबोर्डच्या पेटीचा तळाशी असलेला जोड या तीन जागी हा आवाज हमखास भेटतो.

पेटीचा जोड झिरपत असेल तर वरून सिलिकॉन थापून भागत नाही. जुना थर घासून काढा, कडा उतरती करा (थराच्या जाडीच्या किमान बारापट रुंद), कोरड्या हवेत इपॉक्सी आणि काचेचे कापड लावा. जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी धरते, पण इपॉक्सीवर पॉलिएस्टर रेझिन नीट धरत नाही. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट साय येते. पुढचा हात देण्याआधी ती साध्या पाण्याने पुसून घासायलाच हवी, नाहीतर वरचा थर सुटतो.

डोलकाठीच्या तारा कितीही चांगल्या दिसोत, वय माहीत नसेल तर बदला. तार तुटते ती दाबलेल्या टोकाच्या तोंडाशी, आणि तिथला गंज बाहेरून दिसत नाही. बोल्ट 316 दर्जाच्या स्टेनलेसचे मागा. बाजारात सहज मिळणारे 304 खाऱ्या पाण्यात डागाळते आणि भेगांतून खात जाते.

प्रश्न : दुपारच्या वाऱ्यात होडी फार कलते, सुकाणू हाताला ओढते. शीड लहान करायची सोय कशी करावी? (मुरूड)

मुक्कामाच्या होडीत पहिला बदल हाच करावा. तंबू, चूल, कप्पे नंतर. कोकणात हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, तो नऊ-दहापर्यंत पडतो आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा चढतो. मार्च-एप्रिलमध्ये तो इतका भरतो, की सामानाने भरलेल्या होडीवर पूर्ण शीड ठेवणे धोक्याचेच.

शीड खालून दुमडून लहान करता यावे म्हणून शिवणाऱ्याकडून कड्यांच्या दोन आडव्या ओळी घालून घ्या. पहिली शिडाच्या खालच्या कडेपासून 75 सेंटीमीटरवर, दुसरी 150 वर. पहिल्या ओळीने मुख्य शिडाचा जवळपास पाव भाग जातो, दुसरीने चाळीस टक्क्यांच्या आसपास. प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांना जाड ठिगळांत पक्क्या कड्या हव्यात, सारा ताण तिथेच येतो. मधल्या लहान दोऱ्या फक्त लोंबते कापड गुंडाळण्यासाठी असतात.

मागच्या कडीसाठी 6 मिलिमीटरचा दोर घ्या. एक टोक बूमला (शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी) बांधा, दोर वर नेऊन कडीतून ओवा, खाली बूमच्या दुसऱ्या बाजूच्या कप्पीतून काढून डोलकाठीजवळच्या क्लीटपर्यंत (दोर अडकवायची खुंटी) आणा. कप्पीची जागा ठरवण्यासाठी शीड खाली घेऊन कडी बूमवर ताणून धरा आणि तिथून पाच सेंटीमीटर मागे खूण करा. म्हणजे दोर कडीला खालीही खेचतो आणि मागेही. कप्पी पुढे लागली तर शिडाचे पोट फुगते आणि लहान शीडही होडीला तितकेच कलवते, मग सगळा खटाटोप वाया. बूम ॲल्युमिनियमचा असेल तर स्टेनलेस स्क्रूखाली प्लॅस्टिकचा तुकडा किंवा झिंक क्रोमेटची पेस्ट घाला. दोन धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागले की ॲल्युमिनियमचे पांढरे पीठ होते.

क्रम पाठ करा. पुढचे शीड वाऱ्याच्या बाजूला ताणून, होडी वाऱ्याकडे वळेल असे सुकाणू बांधा, होडी जवळजवळ थांबते. बूम खाली ओढणारा दोर आणि शीट (शीड आत-बाहेर करणारा दोर) सैल सोडा. हॅलयार्ड (शीड वर चढवणारा दोर) आधी केलेल्या खुणेपर्यंत खाली सोडा, पुढची कडी आकड्यात अडकवा, हॅलयार्ड पुन्हा कडक ताणा. त्यानंतर मागचा दोर खेचा. लहान दोऱ्या शेवटी, आणि सैलच. मागची कडी नीट न ताणता या दोऱ्या बांधल्या तर ताण त्यांच्या बारीक भोकांवर येतो आणि शीड ओळीने फाटते. हे काम आधी किनाऱ्यावर, मग हलक्या वाऱ्यात पाण्यावर, दोन मिनिटांत होईपर्यंत करा. आणि लाटांच्या माथ्यावर जागोजाग पांढरा फेस दिसू लागला की वाट पाहू नका. दुपारी निघणार असाल तर पुळणीवरूनच पहिली ओळ बांधून निघा.

प्रश्न : होडीतच झोपता येईल का? (ठाणे)

दोघांना येते. पेटीच्या दोन्ही अंगांना एकेकाची जागा निघते, पण तळ वाकडा आणि ओला असतो. 12 मिलिमीटर मरीन प्लायच्या फळ्या कापा, कडांसह सगळीकडे इपॉक्सीचे दोन-तीन हात द्या आणि तळापासून पाच-सहा सेंटीमीटर वर टेकवा, म्हणजे खाली साचलेले पाणी अंथरुणाला लागत नाही. फळ्या सुट्या असाव्यात, पण उलटली तरी सुटून जाणार नाहीत अशा पट्ट्यांनी आवळलेल्या.

वर तंबूसाठी बूमचे मागचे टोक लाकडी दुबेळक्यावर उंच टेकवा आणि पीयू लेप दिलेले पॉलिएस्टर कापड त्यावरून दोन्ही काठांबाहेर उतरवा. निळी ताडपत्री स्वस्त पडते, पण वाऱ्यात रात्रभर फडफडते. पुढे-मागे वारा खेळायला जागा ठेवा, दोन्ही तोंडांना मच्छरदाणी शिवा. खाडीत तिवरांजवळ मुक्काम असेल तर जाळीशिवाय झोप विसरा. चूल मात्र तंबूत पेटवू नका.

प्रश्न : रात्री होडी ओढून वर ठेवली, सकाळी भरतीचे पाणी तिच्यापर्यंत आलेच नाही. गणित कुठे चुकते? (हर्णै)

दोन गोष्टींत. पहिली, आपल्याकडे दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसतात. एक मोठी, एक लहान. मोठीच्या टोकाला होडी लावली की बारा तासांनी येणारी लहान भरती खालीच राहते. दुसरी, उधाण उतरणीला लागले असेल तर रोजची भरती थोडी खाली सरकते आणि पुढच्या उधाणापर्यंत होडी अडकून पडू शकते. उधाण अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत मोठे असते. तिथीला पाऊणने गुणून पूर्ण भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब अजून चालतो (चतुर्थीला साधारण तीन वाजता), पण तो अंदाज झाला. दोन्ही भरत्यांची उंची भरतीच्या छापील तक्त्यातूनच पाहा आणि पुढची भरती आजच्यापेक्षा किती कमी आहे तेवढी उंची सोडून होडी लावा.

पाणी सारख्या वेगाने चढत नाही हेही धरा. सहा तासांत अनुक्रमे बाराव्या हिश्शाने एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे चढते. मधल्या दोन तासांत निम्मे पाणी येते. तेव्हा होडी सोडून गावात जाऊ नये.

नांगरावर ठेवणार असाल तर दोराची लांबी भरतीच्या खोलीवर ठरवा. रायगडच्या किनाऱ्यावर ओहोटीला दीड मीटर पाणी आहे, चढणार साडेतीन, नाळेची (होडीच्या पुढच्या टोकाची) उंची अर्धा : एकूण साडेपाच. शांत रात्री त्याच्या पाचपट, म्हणजे साडेसत्तावीस मीटर दोर. वारा असेल तर सातपट, सुमारे साडेअडतीस. म्हणून 10 मिलिमीटर नायलॉनचा 40 मीटर दोर, त्यापुढे 6 मिलिमीटरची पाच मीटर साखळी आणि चार-पाच किलोचा पात्यांचा नांगर. साखळीशिवाय नांगराचा दांडा उचलला जातो आणि तो वाळूत नुसता घसरत जातो. दक्षिणेकडे, सिंधुदुर्गात, भरतीचा चढ मुंबईच्या जवळपास निम्मा असतो, तेवढा दोर कमी सोडला तरी चालतो. मालवणच्या सागरी अभयारण्यात प्रवाळावर नांगर टाकू नका.

होडी ओहोटीला कोरडी पडू द्यायची असेल तर दिवसा ओहोटीलाच जागा चालून पाहा. कालवे चिकटलेला एक खडक फायबरला रात्रभर घासून भोक पाडतो. टेकल्यावर वाळू पेटीत शिरून बोर्ड अडकतो, म्हणून बोर्डच्या वरच्या टोकाला एक छोटा दोर बांधून ठेवा, तो खाली खेचायला कामी येतो.

प्रश्न : सामान भरलेली होडी उलटली तर सरळ होईल का? (वेंगुर्ला)

होते, सामान बांधलेले आणि कप्पे हवाबंद असतील तर. सुट्या पिशव्या खाली पडणाऱ्या बाजूला गोळा होतात आणि होडी उठू देत नाहीत. जड वस्तू (पाणी, नांगर) मधोमध, तळाशी, पट्ट्यांनी आवळा. कपडे आणि अंथरूण जलरोधक पिशव्यांत, तेवढीच जास्त तरंगशक्ती. डोलकाठीच्या टोकाला 10 ते 15 लिटरचा तरंगा लावला तर होडी पूर्ण पालथी होत नाही. काठीच्या सहा मीटर लांबीमुळे तेवढाही पुरतो.

सरळ करताना एकाने नाळ वाऱ्याकडे धरावी, दुसऱ्याने सेंटरबोर्डवर उभे राहून काठ ओढावा. शीट आधी मोकळी करा, नाहीतर उठताच होडी परत पडते. मग पाणी उपसा. तीन मीटर लांब, 1.2 मीटर रुंद भागात 15 सेंटीमीटर पाणी म्हणजे 540 लिटर, अर्ध्या टनाहून जास्त, आणि ते इकडून तिकडे हलत असते. छोटा मग कामाचा नाही. दहा लिटरची बादली हवी, तीही होडीला दोराने बांधलेली. सामान भरून हा सराव उथळ, शांत खाडीत एकदा केल्याशिवाय बाहेर जाऊ नका. लाइफ जॅकेट अंगावर हवे, कप्प्यात नव्हे. तटरक्षक दलाचा शोध-बचाव क्रमांक 1554 आहे. फोन जलरोधक पिशवीत, गळ्यात.

प्रश्न : इंजिन लावावे की वल्ही पुरतील? (रत्नागिरी)

वल्ही हवीतच. सुमारे 2.7 मीटर लांबीची, आणि वल्ह्याचा आकडा बसण्याच्या फळीच्या मागच्या कडेपासून अंदाजे 30 सेंटीमीटर मागे. 2.5 अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक इंजिन सोळा-सतरा किलोचे असते आणि पूर्ण जोरात तासाला साधारण लिटरभर पेट्रोल पिते. हे वजन अगदी पिछाडीला येते, त्यामुळे पाण्याचे कॅन पुढे सरकवावे लागतात. नदीच्या मुखाशी ओहोटीचा ओढ आणि बाहेरची लाट समोरासमोर आली की वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात. तिथे इंजिनाच्या भरवशावर घुसू नका. भरतीच्या शेवटच्या तासात आत-बाहेर करा. वाटेत जाळ्यांचे तरंगे दिसले तर इंजिन बंद, बोर्ड आणि सुकाणूचे पाते वर. होडी जाळ्यावरून अलगद वाहू द्या. ते जाळे कुणाच्या तरी रोजच्या पोटाचे आहे.

प्रश्न : पुळणीवर मुक्कामाला कुणाला विचारावे? (पुणे)

निघण्याआधी जवळच्या बंदर कार्यालयात आणि सागरी पोलीस ठाण्यात होडीचा रंग, माणसे, मार्ग आणि परतीची वेळ लेखी द्या. अनोळखी होडी रात्री किनाऱ्याला दिसली की गावकरी कळवतात, आणि ते योग्यच आहे. उपग्रहावरून संदेश पाठवणारी उपकरणे आपल्या देशात परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. वेळास, आंजर्ले, हरिहरेश्वर या पुळणींवर हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. तिथे तंबू, शेकोटी आणि पांढरा दिवा नको. पिल्ले उजेडाकडे वळतात आणि समुद्राऐवजी तंबूकडे चालत येतात. अशा गावात मुक्काम घरगुती खानावळीत करा आणि होडी खाडीत आत, गावकऱ्यांना विचारून लावा.