उंदरांच्या यकृतावर काम सुरू करतोयस? आधी खाण्याची वेळ बघ

एन्झाइमचे आकडे रोज वेगळे येतात म्हणून किटच्या नावाने बोटं मोडू नकोस. उंदरांनी शेवटचं कधी खाल्लं, ते आधी सांग. उंदीर रात्री खातो, त्यामुळे सकाळी काढलेल्या यकृताची संध्याकाळच्या यकृताशी तुलनाच करू नये.

ग्लुकोकायनेजचं उदाहरण घे, हे यकृतात ग्लुकोजवर पहिली प्रक्रिया करणारं एन्झाइम. उपाशी ठेवलं की ते उतरतं, पिष्टमय खाणं दिलं की काही तासांत वर येतं. पण मधुमेही केलेल्या उंदराला कितीही ग्लुकोज पाजलं तरी ढिम्म! इन्सुलिन टोचल्यावरच ते हलतं. पेपसीके (PEPCK), म्हणजे यकृतात नवं ग्लुकोज बनवायला लागणारं एन्झाइम, त्याचं उलटं: उपासात ग्लुकागॉन हे संप्रेरक त्याला वाढवतं, इन्सुलिन दाबतं.

टायरोसिन अमिनोट्रान्सफरेज (टायरोसिन हे अमिनो आम्ल मोडणारं एन्झाइम) मोजणार असशील तर पिंजरासुद्धा जपून हलव. प्राणी बिथरला की कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक चढतं, मागोमाग हे एन्झाइमही. म्हणून कंट्रोल गटालाही तितकंच हाताळायचं, सलाइनची सुई टोचायची. हे टाळणारे फार बघितलेत.

आणि आकडा वाढला की लगेच ‘जनुक सुरू झालं’ असं लिहून मोकळा होऊ नकोस. जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट शिमके यांनी १९६० च्या दशकात उंदरांचं आर्जिनेज, म्हणजे यकृतात युरिया बनवणारं एन्झाइम, तपासलं. खाण्यातली प्रथिनं वाढवली तेव्हा त्याची निर्मिती वाढली. उपासात मात्र त्याचं विघटन मंदावलं, म्हणून ते साठलं. मोजणीत दोन्हीकडे वाढच दिसते.

उपासात यकृतही आटतं. तेव्हा दर ग्रॅममागच्या आकड्यासोबत अख्ख्या यकृताचाही आकडा काढ. त्यासाठी ते गोठवण्याआधी टिपकागदाने टिपून, वजन करून घे.