हॅरी पॉटरची आई लिली त्याला वाचवताना मेली. तिच्या आधीही कित्येक आयांनी लेकरासाठी जीव दिला असेल, मग जादूचं कवच हॅरीलाच का मिळालं?

कारण लिलीला जगायची वाट मोकळी होती.

गोष्टीत ३१ ऑक्टोबर १९८१ च्या रात्री दुष्ट जादूगार वोल्डेमॉर्ट आला तो तान्ह्या हॅरीला मारायला. त्याच्याच गोटातल्या, लिलीवर जीव असलेल्या स्नेपनं तिच्यासाठी गयावया केली होती, म्हणून त्यानं तिला बाजूला हो म्हणून पुन्हा पुन्हा सांगितलं. ती सरली असती तर वाचली असती. हॅरीचा बाप जेम्सही हातात जादूची कांडी नसताना आडवा गेलाच की! पण त्याला सुटायची संधी कुणी दिलीच नव्हती. म्हणून कवच आईचं.

हे मला पुस्तकाच्या आधी घरात कळलं होतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला आलेले. गणपती विसर्जन करून माणसं नुकती कुठं झोपली होती, आणि किल्लारीचा भूकंप झाला. आमच्याकडची जुनी घरं दगडमातीची, वर माळवद. त्या माळवदाच्या मातीनंच कित्येकांचा जीव घेतला. माझी मावशी ढाळजेत, दाराजवळ झोपली होती. दीर अंगणात पळाला, "वैनी, भायेर या" म्हणून ओरडला. ती आत गेली. तीन वर्षांची पोर त्या रात्री आतल्या खोलीत आज्जीपाशी होती. दुपारी माती उपसली तेव्हा मावशी पालथी सापडली, पोर तिच्या पोटाखाली, आणि मावशीचा तळवा पोरीच्या नाकातोंडावर ओंजळीसारखा धरलेला. पोरीच्या केसांत माती, कानांत माती. तोंडात नव्हती.

ती पोर आमच्या घरी वाढली. माय मरो, मावशी जगो म्हणतात, माझ्या आईनं ते निभावलं. हॅरीच्या गोष्टीतही कवच टिकतं ते लिलीचं रक्त जिथं नांदतं तिथं, म्हणजे मावशीच्या घरी, तो सतरा वर्षांचा होईपर्यंत. पेटुनिया मावशी म्हणून वाईटच, पोराला जिन्याखालच्या कपाटात झोपवणारी. पण तिनं त्याला घरात घेतलं, एवढं तिच्या पदरात टाकायलाच हवं.

आता मरण स्वीकारण्याचं. २००७ साली आलेल्या शेवटच्या भागात हॅरी वोल्डेमॉर्टच्या हातून मरायला जंगलात निघतो तेव्हा त्यालाही पळायची वाट आहे. लढायचा मोह नको म्हणून तो कांडी अंगरख्यात खोचून ठेवतो. आईनं केलं तेच तो करतो, फक्त एका लेकराऐवजी अख्ख्या शाळेसाठी. म्हणूनच पुढं वोल्डेमॉर्टचे मंत्र त्या लोकांवर टिकत नाहीत. त्याचं हे धाडस मला लढाईतल्या कुठल्याही धाडसापेक्षा मोठं वाटतं. लेखिका रोलिंग यांची आई डिसेंबर १९९० मध्ये गेली, पुस्तकाची कल्पना सुचली त्याच वर्षी. जंगलातलं ते प्रकरण वाचताना मला हे दर वेळी आठवतं.

मेलेल्यांना बोलावणारा खडा हातात फिरवल्यावर आईबाप आणि बापाचे मेलेले मित्र सिरियस, ल्युपिन येतात. मरताना दुखतं का, हे हॅरी सिरियसला विचारतो. जवळ राहा, एवढं मात्र आईकडं बघून म्हणतो.

माझ्या बहिणीनं तिथंच पुस्तक पालथं ठेवलं होतं. उठून स्वयंपाकघरात गेली आणि माझ्या आईला विचारलं, "मावशी, माय कुशीवर झोपायची का उताणी?"

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. "कुशीवर," म्हणाली. "तुझ्याकडं तोंड करून."